गाडीच्या नाकावरची खुर्ची

रुलानी या नावाचा आमच्या भाषेतला अर्थ, शांत राहा. मुलीचं रडणं ऐकून घरच्यांनी काकुळतीनं ते ठेवलं असावं. क्रूगर अभयारण्याच्या पश्चिम कुंपणाला लागून आमची गावं आणि लॉजं आहेत, आणि या सगळ्या पट्ट्यात रुलानी माबुंडा शांत बसल्याचं कोणाला आठवत नाही. ती सफारीची गाडी चालवते, पाहुण्यांना जनावरं दाखवते आणि पाहुण्यांवर चिडते. तिन्ही कामं ती मन लावून करते.

पाहुणे गाडीत चढले की बाकीचे गाईड मधाळ बोलतात. कृपया, शक्य असल्यास, आपल्याच सोयीसाठी, उभं राहणं टाळावं. लॉजच्या तंबूत उशीवर जो छापील कागद ठेवलेला असतो त्यातही हीच साखर पेरलेली. रुलानी गाडीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि गाडीच्या नाकावर, बंपरच्या वर, बोल्ट मारून बसवलेल्या एकट्या खुर्चीकडे बोट दाखवते.

"ही खुर्ची नीट बघून घ्या. हिच्यावर माग काढणारा माणूस बसतो. त्याला दार नाही, काच नाही, पाय आत घ्यायला जागा नाही. तुम्ही मागे गाद्यांवर बसून जो आगाऊपणा कराल, तो ह्याच्या अंगावर येईल. जनावराला ही सगळी गाडी मिळून एकच वस्तू दिसते, म्हणून ते गप्प पडून राहतं. कोणी उभं राहिलं की त्या वस्तूतून माणूस निघतो. तेव्हा कोणी उभं राहिलं तर मी ओरडणार. वय बघणार नाही. राग आला तर घरी गेल्यावर काढा."

पाहुणे एकमेकांकडे बघतात. मागच्या हंगामात एक बाई म्हणाली, "आम्ही सुट्टीवर आलोय, पलटणीत नाही." रुलानी म्हणाली, "सुट्टीवर तुम्ही आहात, सिंह नाही." तक्रारी जातात, भरपूर जातात. ती आता ज्या लॉजवर आहे तिथल्या लोकांनी त्यांची सवय करून घेतली आहे. कारण तिच्या गाडीच्या नाकावर बसायला मिळावं म्हणून माग काढणारे आपसात भांडतात.

तिला हे ओरडणं उशिरा आलं. त्याचं कारण तिचा मामा, फिनियस मथेबुला.

मामाच्या घरी भाच्यांचे लाड आमच्याकडे जरा जास्तच चालतात. भाची आली की सरळ चुलीपाशी जाते, झाकण उघडते आणि मामासाठी राखून ठेवलेला मटणाचा चांगला तुकडा उचलून तोंडात टाकते. मामाने हसायचं, मामीने कुरकुरायचं, अशी रीत. मामाला काहीही बोललेलं चालतं.

"आलीस का भवाने, लुटायला?" मामा विचारायचा.

"लुटायला तुझ्याकडे आहे काय? डोक्यावर केससुद्धा नाहीत."

पण ही सूट मामापुरतीच. बाकी पांढऱ्या केसांसमोर आमची मान खाली. वडीलधारा माणूस दिसला की बाईने गुडघे टेकायचे, हात जुळवायचे, त्याच्यापेक्षा खाली बसायचं आणि आवाज त्याहून खाली ठेवायचा. लहानपणी रुलानी एकदा शेजारच्या म्हाताऱ्यावर ओरडली होती. त्याच्या बकऱ्या तिच्या आईच्या भोपळ्यांत शिरल्या होत्या, म्हणजे चूक सरळसरळ त्याची. तरी आईने तिला कान धरून त्याच्या दारात नेलं, गुडघ्यांवर बसवलं आणि सगळ्या आळीसमोर क्षमा मागायला लावली. म्हातारा मोठ्या मनाने म्हणाला, "असू दे, असू दे," आणि त्याच्या बकऱ्या पुढेही येत राहिल्या. त्या भोपळ्यांचा राग रुलानीच्या मनातून अजून गेलेला नाही. पण तिच्या गळ्याला गाठ बसली ती बसलीच. पुढे मॅनेजरपासून मेकॅनिकपर्यंत कोणाशीही ती कडाकडा भांडायची, आणि समोर पांढरी दाढी आली की तिच्या आवाजाची कुजबुज व्हायची.

मामानेच तिला लॉजवर आणलं. मामा गाडीच्या नाकावर, भाची चाकामागे, अशी जोडी वर्षानुवर्षं चालली. मामा मागे वळून बोलत नसे, हाताने बोलायचा. तळहात आडवा म्हणजे थांब. दोन बोटं खाली म्हणजे हळू. मूठ म्हणजे श्वाससुद्धा सांभाळून घे. तोंड मात्र आमच्या भाषेत भाचीशी भांडायला मोकळं असायचं.

"भाचे, गाडी दगडावरून नेतेस की माझ्या मणक्यांवरून?"

"खुर्ची तुझी, मणके तुझे. मी कशाला मध्ये पडू?"

मागे बसलेल्या पाहुण्यांना वाटायचं, दोघं बिबट्याबद्दल काही गंभीर बोलतायत. ते आदराने कान टवकारायचे.

पाहुण्यांच्या वागण्यावर मामाचं फारसं मत नव्हतं. एवढंच म्हणायचा, "कोणाच्या घरी गेलं की माणूस आधी बसतो, मग बोलतो. हे लोक दारातूनच फोटो काढत शिरतात." आणि पुढचा माग बघायला लागायचा.

मिस्टर हॉलिंगर दर वर्षी कॅनडातून यायचे. निवृत्त झालेले दातांचे डॉक्टर, छातीवर रुळणारी पांढरीशुभ्र दाढी, बरोबर डोरीन नावाची अबोल बायको. लॉजच्या मालकाचे ते जुने दोस्त. माणूस दुष्ट नव्हता, हेच तर चिडवणारं आहे. सगळ्यांची नावं लक्षात ठेवायचे, मामाच्या पाठीवर थाप मारायचे, माझा मित्र फिनियस म्हणायचे. पण आयुष्यभर लोकांना खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावलेल्या या गृहस्थाला स्वतःला बसवत नव्हतं. जनावर दिसलं रे दिसलं की हे मागच्या उंच बाकावर उभे. रुलानी वळून म्हणायची, "आजोबा, जरा बसता का, त्रास होणार नसेल तर?" आणि ते एक बोट वर करून म्हणायचे, "एक सेकंद." तो सेकंद त्यांच्या मनाला येईल तेव्हा संपायचा.

कोणीच त्यांना दरडावलं नाही. मालकाचा दोस्त म्हणून मॅनेजर गप्प, पांढरी दाढी म्हणून रुलानी गप्प.

त्या सकाळी गाडी कोरड्या नदीच्या पात्राकडे उतरत होती. एरवी सिंहांच्या जवळ जायचं तर मामा आधीच खुर्चीवरून उतरून गाडीत येऊन बसायचा. पण त्या दिवशी माग दिसलाच नाही. वळण घेतलं आणि समोरच, झुडपाच्या सावलीत, सिंहीण. तिच्या पोटाशी डोळे नुकते उघडलेली पिल्लं. मामाची मूठ वर गेली. गाडी थांबली. सिंहिणीने मान उचलली, गाडीकडे बघितलं. कान मागे गेले नाहीत, शेपूट हललं नाही. मामा खुर्चीवर दगडासारखा बसून होता. त्याने दोन बोटांनी खूण केली, मागे घे, हळू.

रुलानीने रिव्हर्स टाकला. आरशात बघितलं तर हॉलिंगर उभे. नुसते उभे नाहीत, बाकावर एक पाय देऊन बाहेर झुकलेले, डोळ्याला कॅमेरा. गाडी हलवली असती तर ते कोलमडून सिंहिणीपुढे पडले असते. न हलवावी तर मामा तिथेच.

"आजोबा," ती म्हणाली, "कृपा करून बसा."

"एक सेकंद."

"आजोबा, बसता का? मला गाडी मागे घ्यायची आहे."

हेही ती कुजबुजली. सिंहिणीच्या भीतीने कुजबुजली असं कोणी म्हणेल, तर ते खोटं आहे. सिंहीण त्यांच्याकडेच बघत होती, तिच्यापासून लपवायचं काही उरलं नव्हतं. ती कुजबुजली कारण समोर पांढरी दाढी होती.

सिंहीण उठली. तिला गाडीतून एक माणूस उगवताना दिसला आणि तिच्यामागे पिल्लं होती. ती मागच्या बाकापर्यंत गेली नाही. तिच्या वाटेत जो पहिला होता, त्याच्यावर ती आली.

मग रुलानीचा आवाज फुटला. दारावर मुठी आपटत, हॉर्न दाबून धरत ती असा काही आक्रोश करत सुटली की सिंहिणीने मामाची पोटरी सोडली आणि पिल्लांकडे पळाली. पण त्या वेळेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. हॉलिंगर बाकावर बसले होते. आता बसले होते!

मामा वाचला. पाय राहिला, पण नावापुरता. घोट्यापासून वर सगळं आखडलेलं, काठीशिवाय दोन पावलं नाहीत. चिखलातल्या बोटभर खुणेवरून गेंडा म्हातारा की तरणा हे सांगणारा माणूस अंगणातल्या झाडाखाली बसून कोंबड्या हाकायला लागला. लॉजने त्याला फाटकावर बसायचं काम देऊ केलं. तो म्हणाला, "मी पुढे बसणारा माणूस. फाटकाशी कुत्रं बांधा."

लॉजचा मॅनेजर डर्क सगळ्यांना गोळा करून म्हणाला की जंगल म्हटलं की असं होणारच, कोणाचा दोष नाही. दोष नाही! रुलानीने तोंड उघडलं तर त्याने तिला बाजूला घेतलं. "हे बघ, वकिलांनी सांगितलंय. कोणी सॉरी म्हणालं की चूक कबूल केल्यासारखं होतं. पाहुण्यांसमोर फिनियसचा विषय काढायचा नाही. काढलास तर तुझी नोकरी मी वाचवू शकणार नाही."

काही महिन्यांनी कॅनडाहून एक मोठं चपटं खोकं आलं. आत काचेत मढवलेला फोटो. जबडा पसरलेली सिंहीण, पंजे हवेत, एकेक मिशी दिसेल असा स्पष्ट. हॉलिंगरांनी त्या सेकंदाला बटण दाबलं होतं. फोटोच्या खालच्या कडेला खाकी टोपीचा काठ दिसत होता. ती टोपी मामाची. डर्कने तो फोटो जेवणघरात, गोडाच्या टेबलाच्या वर टांगला. पाहुणे पुडिंग वाढून घेता घेता वर बघत आणि म्हणत, काय क्षण पकडलाय! रुलानीने त्या दिवसापासून जेवणघरात पाऊल ठेवलं नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून ती मक्याचा घट्ट वुस्वा आणि पालेभाजी गिळायची, आणि तिच्याशी बोलायची कोणाची हिंमत व्हायची नाही.

एकदा तिने मामाला विचारलं, "तुला काय हवंय सांग. मालकाकडे जाऊ? पेपरवाल्यांना सांगू?"

मामाने काठीने मातीत एक रेघ ओढली. मग म्हणाला, "मला त्याच्याकडून काही नको. त्याने यावं आणि माझ्यासमोर खाली बसावं. त्या दिवशी बसला नाही, आता बसू दे. बस."

आमच्याकडे घरी आलेल्या पुरुषाला खुर्ची देतात. क्षमा मागायला आला असेल तर चटई. चटईवर बसला म्हणजे अर्धं बोलून झालं, उरलेलं अर्धं यजमान सोडून देतो. मामाने मामीला गवताची नवी कोरी चटई विणायला लावली आणि ती गुंडाळून भिंतीशी उभी करून ठेवली. कोणाला तिच्यावर बसू देईना. एका रविवारी रुलानी मुद्दाम ती अंथरून तिच्यावर आडवी झाली, मामाच्या ताटातलं हाड चघळत.

मामाने काठीचं टोक तिच्या कुशीत खुपसलं. "ऊठ. ती तुझी नाही."

"मामा, तो येणार नाही. तुझी चटई वाळवीच खाणार."

"मग वाळवी बसेल. तू ऊठ."

मामाच्या आवाजात थट्टा नव्हती. रुलानी उठली.

हंगाम फिरून आला आणि हॉलिंगर आले. खरंच आले. दाढी आणखी पांढरी, पाठीवर थापा तशाच. आल्या आल्या जेवणघरातल्या आपल्या फोटोखाली उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. रुलानीला बघून हात पसरले.

"रुलानी! यंदा पुन्हा तुझ्याच गाडीत. आणि आपला फिनियस कसा आहे?"

डर्क मागेच उभा होता. तो घाईघाईने म्हणाला, "मजेत आहे. आराम करतोय."

आराम! रुलानीच्या कानशिलाची शीर उडायला लागली. ती गाडीकडे वळली. नाकावर आता गिवन नावाचा एक तरणा माणूस बसायचा. पहिल्याच फेरीत हत्तींचा कळप दिसला आणि हॉलिंगर उभे राहिले. रुलानीने गाडी जागेवरून फिरवली आणि हत्तींकडे पाठ करून सरळ चालवत नेली. ते धपकन बसले. "अगं, हत्ती!" ते म्हणाले. "गेले," ती म्हणाली. डोरीन पहिल्यांदाच काही बोलली. ती हळूच नवऱ्याला म्हणाली, "जॉर्ज, तू बसून राहा ना." जॉर्जने तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

ते जायच्या दिवशी सकाळी शेवटची फेरी होती. रुलानीने गिवनला सांगितलं, आज येऊ नकोस, झोप. मामीला फोन केला, "पाणी भरून ठेव. मी पाहुणे आणतेय. आणि खुर्च्या सगळ्या शेजारी नेऊन ठेव."

"सगळ्या? मामाची पण?"

"मामाचं स्टूल राहू दे. बाकी एक दिसता कामा नये."

"बाई गं, पाहुण्याला उभं ठेवायचं?"

"उभा राहायला त्याला फार आवडतं," रुलानी म्हणाली आणि फोन ठेवला.

पाणवठ्याकडे वळायच्या जागी ती वळली नाही. फाटकातून बाहेर पडली, डांबरी रस्ता ओलांडला, गावाच्या लाल धुळीत शिरली. रेडिओवर डर्क विचारायला लागला, रुलानी, कुठे आहेस? तिने आवाज बारीक केला. आपली नोकरी त्या वळणावर राहिली, हे तिला पक्कं कळलेलं होतं. हॉलिंगर खूश. "अच्छा, गाव दाखवणार! छानच!" म्हणत ते चालत्या गाडीतून पोराबाळांचे, बायकांचे, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढत सुटले. कोणाला विचारणं नाही, काही नाही.

मामा अंगणात मारूलाच्या झाडाखाली ठेंगण्या स्टूलावर बसला होता. स्वच्छ सदरा, डोक्यावर तीच खाकी टोपी. आखडलेला पाय पुढे लांब केलेला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. समोर ती चटई अंथरलेली.

"फिनियस!" हॉलिंगर दोन्ही हात पसरून पुढे गेले. "वा, काय तब्येत! आम्हाला तुझी किती आठवण येते! डोरीन, बघ, हा तर आधीपेक्षा तरुण दिसतोय!"

मामाने टोपी काढली, मान लववली. "बसा," तो इंग्रजीत म्हणाला.

"नको नको, मी ठीक आहे. मला उभंच बरं वाटतं." आणि चटईच्या काठावर बूट ठेवून, मामाच्या डोक्यावर उभे राहून ते बोलतच सुटले. यंदाच्या बिबट्याबद्दल, विमानाच्या प्रवासाबद्दल, फोटोला तिकडे केवढं बक्षीस मिळालं त्याबद्दल. डोरीनने पायातल्या चपला काढल्या आणि मुकाट्याने चटईच्या कडेला मातीत जाऊन बसली. मामी तिच्यासाठी काहीतरी पसरायला धावली. मामाची मान वर होती, सूर्य त्याच्या डोळ्यांत येत होता.

"बसा," मामा पुन्हा म्हणाला. हळू.

"एक सेकंद," हॉलिंगर म्हणाले आणि त्यांनी गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला. "असाच राहा, फिनियस. ऊन सुंदर पडलंय."

"बसा खाली!"

कोंबड्या फडफडून कुडाखाली पळाल्या. शेजारच्या अंगणातली बाई उखळापाशी मुसळ धरून तशीच थांबली. हॉलिंगर दचकून वळले. रुलानी गाडीपाशी उभी होती, हाताच्या मुठी वळलेल्या, आणि चेहरा असा की डर्कने बघितला असता तर तो स्वतःच खाली बसला असता.

"बसा म्हणते ना! कॅमेरा खाली, आणि बसा!"

आणि ते चटईवर बसले. गुडघे कडकडले, एक हात मातीत टेकला, दाढी धुळीला लागली, पण बसले. बसल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे मामाचा पाय आला. उभ्या माणसाने तो पाय बघितलाच नव्हता. पोटरी होती तिथे आता दोरासारखा पीळ पडलेला होता आणि कातडं जागोजागी ओढून शिवलेलं. हॉलिंगरांनी नजर काढून घेतली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांचा कॅमेरा पोटावर लोंबत राहिला.

मामी मात्र भडकली. "रुलानी! माझ्या अंगणात? पांढऱ्या केसाच्या माणसावर? तुझी आई असती तर थोबाड फोडलं असतं तुझं! टेक गुडघे, माग क्षमा!"

"नाही मागत," रुलानी म्हणाली. एक वर्षाचा राग तिच्या तोंडाशी आला होता आणि अजून निम्मासुद्धा बाहेर पडला नव्हता. "ह्याची? ह्याची क्षमा मागू मी?"

"राहू दे तिला," मामा आमच्या भाषेत म्हणाला. तो भाचीकडे बघत होता, हॉलिंगरांकडे नाही. त्याचा आवाज चढला नाही. "आवाज आहे की तुझ्याकडे. हेच त्या दिवशी ओरडली असतीस, तर आज ह्यांना पाणी मी उठून दिलं असतं."

रुलानीच्या मुठी सुटल्या. मामाने वर्षभरात हे एकदाही म्हटलं नव्हतं. थट्टेतसुद्धा नाही, आणि थट्टेत त्याने तिला काय म्हणायचं सोडलं होतं?

"काय म्हणतोय तो?" हॉलिंगरांनी विचारलं.

पाणी प्या म्हणतात, असं सांगून मोकळं होता आलं असतं. रुलानीने जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द न गाळता.

हॉलिंगर मान खाली घालून बसले. मग म्हणाले, "मला ऐकू आलं होतं. त्या दिवशी. तू दोनदा म्हणालीस. तू इतक्या हळू म्हणालीस की मला वाटलं, एवढं काही नसेल. वाट्टेल ते वाटून घेतलं मी. फिनियस, माझं चुकलं."

मामाने मान हलवली. सोडून दिलं का नाही, ते त्या मानेवरून कोणाला कळलं नसतं. त्याने काठी उचलली आणि चटईच्या मोकळ्या भागावर, हॉलिंगरांच्या शेजारी, तिचं टोक आपटलं.

"भाचे," तो म्हणाला. "तूही बस."

गाडीत रेडिओ तिच्या नावाने खरखरत होता. रुलानी आली, गुडघे टेकले, हात जुळवले आणि मामासमोर त्या चटईवर बसली.